लॉटमधला पहिला आंबा

सकाळी घोड्यासारखं धावणारं मशीन दुपार झाली की म्हशीसारखं बसकण मारायचं, आणि मग शेडमधल्या ज्याला त्याला मनस्वीला शहाणपण शिकवायची हुक्की यायची.

रत्नागिरीजवळ, पावस गावाच्या अलीकडे सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, आंबा बागायतदारांच्या सोसायटीची पत्र्याची शेड होती. यंदाच्या हंगामात तिथं आंबे निवडायचं मशीन आलं होतं. लांबलचक पट्टा, त्यावर वाट्या, वाटीत एकेक हापूस. पट्टा कॅमेऱ्याखालून जायचा. कॅमेरा चारी अंगांनी फळाचे फोटो काढायचा, टेबलावरचा संगणक ते बघून फळाची प्रत ठरवायचा, अव्वल असेल तर हिरवा दिवा लावायचा, आणि फळ आपल्या खणासमोर आलं की एक फळी त्याला अलगद आत ढकलायची. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायला हवं, आणि सकाळी तसं व्हायचंही. दुपारी मात्र संगणक विचारच करत बसायचा. त्याचं ठरेपर्यंत फळ खण सोडून पुढं गेलेलं असायचं, आणि दृष्ट लागावी असा हापूस रसवाल्यांच्या क्रेटमध्ये, डागाळलेल्या फळांच्या उरावर जाऊन पडायचा.

मशीन पुण्याच्या एका कंपनीचं, पण त्यातलं डोकं मनस्वीनं लिहिलेलं. कंपनीनं तिला हंगामापुरती इथं पाठवली होती. सोसायटीचे चेअरमन काशीराम नागवेकर हे तिचे वडील, तिचे आबा. सभासदांच्या मागं लागून, "माझ्या पोरीचं काम हाय, डोळे मिटून घ्या," असं सांगून मशीन आणवलं ते त्यांनीच. चाललं असतं तर कंपनीचं नाव झालं असतं. चालत नव्हतं, तर अब्रू नागवेकरांची जात होती.

कुणी म्हणे व्होल्टेज कमी पडतंय. कुणी म्हणे व्हायरस शिरला. कुणीतरी संगणकाच्या मागं लिंबू-मिरची टांगून ठेवली. पट्ट्यावर क्रेट रिकामे करणाऱ्या यमुनाबाईंनी तर कहर केला. मनस्वी चहा प्यायला बाहेर गेली आणि परत येऊन बघते तर संगणकावर ओला पंचा.

"तापला व्हता गो बिचारा," यमुनाबाई म्हणाल्या. "पोराच्या कपाळावर ठेवतात तशी पट्टी ठेवली."

मनस्वीनं तो पंचा असा हिसडला की पाण्याचे शिंतोडे थेट दीपक भिंगार्ड्यांच्या शर्टावर. दीपकची चाळीसेक कलमं होती आणि मशीन त्याला पहिल्यापासूनच नको होतं. हातानं निवडला तोच आंबा, बाकी सगळं थोतांड, असं त्याचं म्हणणं. तो शर्ट झटकत म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं. चालू दे."

खरा आजार काय ते मनस्वीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते कारण. लग्नघरी मांडवात जागा असते तेवढीच असते. एक पंगत उठली, पत्रावळी उचलल्या, जागा पुसून घेतली, की दुसरी पंगत बसते. संगणकाच्या मेमरीचंही तेच. फोटो येतात, त्यांचं काम होतं, ते काढून टाकायचे आणि त्या जागी पुढचे बसवायचे. इथं पत्रावळी कुणी उचलतच नव्हतं. दुपारपर्यंत मेमरी खच्चून भरायची. मग जागा नाही म्हणून संगणक थोडं सामान डिस्कवर नेऊन ठेवायचा, ते लागलं की परत आणायचा, ते ठेवायला जागा हवी म्हणून दुसरं नेऊन ठेवायचा, आणि ह्या ने-आणीतच त्याचा जीव जायचा. आंब्याकडं बघायला त्याला सवड कुठली?

"मग मेमरी वाढव की," असं पुण्याचे साहेब म्हणाले आणि त्यांनी कुरिअरनं दुप्पट मेमरी धाडली. मनस्वीनं ती बसवली. दुपारी बसणारं मशीन चहाच्या वेळेला बसायला लागलं, एवढाच काय तो फरक. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मांडव मोठा केला म्हणून पत्रावळी आपोआप उचलल्या जात नाहीत, हे साहेबांना फोनवरून समजावता समजावता तिचा घसा बसला.

बरं, मशीन बंद करून पुन्हा चालू करावं, तर तेही धड नाही. एकेका सभासदाचा माल म्हणजे एकेक लॉट. रात्री दिवसाचा हिशेब छापून मशीन बंद करायचे ते ठीक, पण मध्येच बंद केलं की मेमरीतले सगळे लॉट पुसले जायचे आणि कुणाची किती फळं कुठल्या प्रतीत गेली ह्यावरून शेडमध्ये महाभारत सुरू व्हायचं. मशीन यायच्या आधीच्या बैठकीतच सभासदांनी तिला बजावलं होतं, "आमचं एक फळ जरी दुसऱ्याच्या नावावर गेलं ना, तर बघ." सख्ख्या भावाच्या हद्दीतला चिरासुद्धा मोजून घेणारी माणसं ही! त्यांचा विश्वास बसावा म्हणून तिनं प्रोग्रॅममध्ये नियमच घातला होता की कॅमेऱ्याखालून जेवढी फळं गेली तेवढी सगळीच्या सगळी खणात पोचल्याशिवाय त्या लॉटचा एकही फोटो पुसायचा नाही. पुण्यात लिंबं घालून तिनं हे दिवसच्या दिवस चालवून बघितलं होतं. तिथं काही कुठं अडकलं नव्हतं. म्हणून तिनं कॅमेऱ्यावर संशय घेतला, वायरींवर घेतला, कंपनीतल्या तीन जणांच्या कामावर घेतला, फक्त आपल्या ह्या नियमावर तेवढा घेतला नाही.

त्यात मंगळवारी एक चमत्कार झाला. त्या दिवशी मशीन संध्याकाळपर्यंत एकदाही न अडखळता चाललं. मनस्वी हरखून गेली. बुधवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्या एका दिवसानं तिच्या डोक्याचा पार भुगा केला. रोज बिघडतं ते बिघडतं, हे एक वेळ समजू शकतं, पण मध्येच शहाण्यासारखं वागणाऱ्याचं काय करायचं?

आणि आज शनिवार. सकाळीच साहेबांचा फोन आला. "मनस्वी, चार वाजता त्यांची बैठक आहे ना? त्यांनी नको म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मशीन परत आणू, आणि सोमवारपासून तू इथं ऑफिसला ये. चाललं तर मात्र ठरल्याप्रमाणे. कोकणातली सगळी मशीनं तू तिथूनच सांभाळ."

हे 'ठरल्याप्रमाणे' काय ते मनस्वीनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. आबांना तर मुळीच नाही. नक्की झाल्याशिवाय बोलू नये, अशी तिची सवय. आई गेल्यापासून आबा एकटेच राहायचे, पण त्यांच्यासाठी राहते म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी तिची बॅग भरून एसटी स्टँड गाठलं असतं. आणि ते पूर्ण खरंही नव्हतं. तिला राहायचं होतं ते स्वतःसाठी. संध्याकाळी काम आटोपून भाट्याच्या पुलावरून स्कूटर न्यायची, खाडीचा वारा तोंडावर घ्यायचा, आणि वाटेत चार माणसांनी "काय गो, मशीन चालला काय?" म्हणून छळायचं, ह्या छळाचीसुद्धा तिला चटक लागली होती. पुण्यात तिला छळायलाही कुणी नव्हतं. सहा वर्षांत शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंचं आडनाव तिला कळलेलं नव्हतं.

तर असं सगळं टांगणीला लागलेलं आणि ऊन सड्यावर रटरटत असताना मनस्वी स्क्रीनसमोर बसली. आज तिनं ठरवलं होतं की काहीही दुरुस्त करायला जायचं नाही, नुसतं बघायचं. मेमरी किती भरली तो आकडा कोपऱ्यात वर सरकत होता. एका सभासदाचा लॉट सुरू झाला, आकडा चढला. लॉट संपला. आता आकडा खाली यायला हवा. आला नाही. दुसरा लॉट सुरू झाला, आकडा आणखी चढला, संपला, तरी तिथंच. म्हणजे फोटो चुकून राहत नव्हते, अख्खेच्या अख्खे लॉट मुक्कामाला राहत होते. म्हणजे प्रत्येक लॉटमधलं कुठलं तरी फळ कॅमेऱ्याखालून गेलं होतं पण खणात पोचलं नव्हतं. एखाद्या लॉटमध्ये समजू शकतं, घरंगळलं असेल. प्रत्येक लॉटमध्ये?

ती खुर्ची सरकवून उठली आणि पट्ट्याच्या तोंडाशी, क्रेटच्या थप्पीआड जाऊन उभी राहिली. यमुनाबाईंनी गुलाम रसूल मुकादमांच्या बागेतला पहिला क्रेट पट्ट्यावर ओतला. मुकादम सोसायटीचे जुने सभासद, आबांचे शाळेपासूनचे दोस्त. पहिलं फळ कॅमेऱ्याखालून गेलं, दिवा लागला नाही. दुसरं गेलं, नाही. तिसरं गेलं आणि हिरवा दिवा लागला. एवढ्यात कॅमेऱ्याच्या पलीकडून एक हात आला, त्यानं तो आंबा वाटीतून हळूच उचलला, कपाळाला लावला आणि पंच्यात गुंडाळला.

हात आबांचा होता.

आबांनी इकडं तिकडं पाहिलं, चपला काढल्या, आणि मागच्या दारानं शेडबाहेर गेले. तिथं वडाच्या बुंध्याशी राखणदाराचा दगड होता. सड्यावरच्या बागांची राखण करणारा म्हणून सगळे त्याला मानायचे, नवा आंबा निघाला की त्याच्यापुढं एक ठेवायचे. आबांनी आंबा दगडापुढं ठेवला, हात जोडले, ओठ हलवले आणि लगबगीनं परत आले. तोवर यमुनाबाईंचा दुसरा क्रेट रिकामा होत होता. दगडापुढं आंब्यांचा हा ढीग!

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. मंगळवारी आबा दाढ काढायला रत्नागिरीत गेले होते. मंगळवारी मशीन चाललं होतं.

"आबा!"

काशीराम दचकले. पायात एकच चप्पल.

"हे काय चाललंय?"

"काय? काय नाय. देवाला एक आंबा ठेवला."

"एक? कधीपासून?"

"मशीन आल्यापास्नं. दर लॉटाचा पयला." ते जरा अभिमानानंच म्हणाले. "पयला म्हंजे पयला हिरवा. देवाला डागी कसा देनार गो? तुज्या मशीनला बरोब्बर कळतो. माज्या नजरेला आता तेवढा दिसत नाय."

मनस्वीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. हसावं, रडावं की त्या दगडावरच डोकं आपटून घ्यावं, ते तिला कळेना. ज्या मशीनवर अख्ख्या सोसायटीचा विश्वास नव्हता त्याच्यावर ह्या माणसाचा इतका विश्वास की देवाचा आंबाही त्यालाच निवडायला लावायचा, आणि त्याच विश्वासानं त्याचा गळा आवळायचा!

"आबा, पंगतीत सगळ्यांचं जेवण उरकल्याशिवाय कुणी उठतं का?"

"नाय. रीत नाय ती."

"मी प्रोग्रॅम तसाच लिहिलाय. लॉटमधलं प्रत्येक फळ जागेवर पोचलं की मग पंगत उठवायची. तोवर कुणाचं पान हलवायचं नाही. आणि तुम्ही दर पंगतीतला एक पाहुणा पानावरून उचलून गुपचूप देवळात नेऊन बसवता! संगणक बसलाय त्याची वाट बघत. एक पंगत अडली, दुसरी अडली, तिसरी अडली. मांडव भरला, बसायला जागा नाही, वाढप्याला पाय ठेवायला जागा नाही. मग मशीन मंद नाही होणार तर काय होणार?"

काशीरामांनी राहिलेली चप्पल पायात सरकवली. मग एकदम हळू आवाजात त्यांनी विचारलं, "म्हंजे... हे समदं माज्यामुळं?"

त्यांचा चेहरा बघून मनस्वीचा राग अर्ध्यावर विरला आणि त्या अर्ध्या रागाचा तिला नवा राग आला. कारण उत्तर 'नाही' होतं. राखणदारापुढं पहिला आंबा ठेवायची रीत तिला काय माहीत नव्हती? लहानपणी तिनंच तो ठेवला होता. पट्ट्यावरून एखादं फळ नाहीसं होऊ शकतं, हे पुण्यातल्या लिंबांपुढं बसून तिला सुचलं नाही, ही चूक तिची. ती तसं म्हणालीही, पण तिचा सूर असा चढलेला होता की आबांना त्यातलं फक्त चढलेलंच ऐकू आलं असावं. ते जाऊन कोपऱ्यातल्या रिकाम्या क्रेटवर बसले आणि हात गुडघ्यांत घालून पट्ट्याकडं पाठ केली.

दुरुस्ती म्हणाल तर चार ओळींची. कॅमेऱ्याखालून गेलेलं फळ पट्ट्याच्या टोकाला जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ते कुठल्याच खणात पोचलं नाही, तर ते उचललं असं समजायचं, तशी नोंद ठेवायची आणि त्याची वाट न बघता लॉट मोकळा करायचा. तीन महिने छळणाऱ्या गोष्टीला चार ओळी! यमुनाबाईंनी आणून दिलेली भाकरी टेबलावर सुकत पडली आणि मनस्वी एका हातानं डोळ्यावरचा घाम पुसत, दातओठ खात त्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

चार वाजता सभासद जमले. दीपक सगळ्यांत पुढं. तो बसलासुद्धा नाही.

"मशीन परत पाठवायचा ठराव मी मांडतो. झालं तेवढं पुष्कळ झालं."

"दोष सापडला," मनस्वी म्हणाली. "माझ्या लिहिण्यातच होता. फळ पट्ट्यावरून मध्येच कमी झालं तर संगणक त्याची वाट बघत बसायचा आणि मेमरी भरायची. आता बसणार नाही."

"मध्येच कमी झालं म्हंजे?" दीपकनं शब्द पकडला. "आमची फळं मध्येच कमी कशी होतात? कोण उचलतो?"

"कुणीही. घरंगळेल, खार नेईल. प्रोग्रॅमनं ते सोसायला हवं होतं."

"खार? पत्र्याच्या शेडीत?"

कोपऱ्यातून काशीराम उठले. "खार नाय. मी उचलतो."

शेडमध्ये एकदम कल्ला झाला. कुणाला हसू आवरेना, कुणाला राग. दीपक तर लालबुंद झाला. "चेअरमन म्हंजे काय आमच्या फळांचे मालक? विचारलंत कधी?"

"राखणदाराला ठेवतो तो," गुलाम रसूल बसल्या जागेवरून म्हणाले. "माझ्या लॉटातलापन ठेवतो. मी बगितलाय. माझी ना नाय."

"तुझी नसंल चाचा, माझी हाय! आमची अव्वल फळं रसवाल्याकडं गेली ती ह्यांच्या भक्तीपायी?"

"दीपकदादा, भांडण नंतर," मनस्वीनं आवाज चढवला. "आधी मशीन बघा. चाचांचे क्रेट उरलेत तेवढे घालते. चाललं नाही तर मी स्वतः ट्रकात चढवून देते." मग ती वडिलांकडं वळली. "आबा, या. उचला."

"मी?" काशीरामांनी हात पाठीमागं नेले. "मी आता हात नाय लावनार. देव नको नि आंबा नको."

"अहो, तुम्ही उचलला नाहीत तर काही सिद्धच होत नाही! न उचलता तर ते मंगळवारीही चाललं होतं!"

"मनू, नको गो. पुन्ना बिगडला तर?"

"नाही बिघडणार!"

"तुला काय म्हाईत?"

"मी लिहिलंय म्हणून माहीत! तीन महिने माझ्या मशीनला देवाचा आंबा निवडायला लावलात, आणि आता एक आंबा उचलण्याइतकाही विश्वास नाही?" तिचा आवाज फाटला. समोर सोमवार दिसत होता, ऑफिसची काचेची इमारत दिसत होती, आणि सगळं येऊन अडलं होतं ते एका म्हाताऱ्याच्या पाठीमागं बांधलेल्या हातांवर.

गुलाम रसूल उठून काशीरामांजवळ आले. "उचल रे. पण आज गुपचूप नाय. माझा आंबा नेतोस तर काय मागतोस ते तरी ऐकू दे मला. मोठ्यानं घाल गाऱ्हाणं."

यमुनाबाईंनी क्रेट ओतला. पट्टा धावायला लागला. हिरवा दिवा लागला, आणि काशीरामांनी आंबा उचलला. मनस्वी स्क्रीनपुढं उभी राहिली, आणि दीपक तिच्या खांद्यामागून वाकून बघायला लागला, कारण त्याला तिची फजिती जवळून बघायची होती.

काशीरामांनी मागच्या दाराकडं तोंड केलं. घसा खाकरला. देवाला घालायचं गाऱ्हाणं म्हटलं की कोकणातल्या माणसाचा आवाज आपसूक बदलतो, तसा त्यांचाही बदलला.

"बा राखणदारा! ह्या सड्यावरची कलमं तू वान्रांपास्नं राखलीस, वादळापास्नं राखलीस, वणव्यापास्नं राखलीस!"

"व्हय म्हाराजा!" मंडळी म्हणाली. भांडणाऱ्यांची तोंडंही उघडली. गाऱ्हाण्याला साद द्यायची नाही, असं कसं होईल?

"आज काय चुकला असंल, कुनाच्या फळाला न इचारता हात लागला असंल, तर ह्या लेकराला पदरात घे!"

"व्हय म्हाराजा!"

पट्ट्यावरचं शेवटचं फळ खणात पडलं. क्षणभर काहीच झालं नाही. आणि मग कोपऱ्यातला आकडा घसरला आणि लॉट सुरू व्हायच्या आधी जिथं होता तिथं जाऊन थांबला. एक पंगत उठली होती. मनस्वीनं टेबलाची कड इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. दीपकनं नुसतं "हं" केलं.

काशीरामांचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांचे डोळे मिटलेले. "आनि माजी पोरगी, म्हाराजा. शिकलेली हाय, गुणाची हाय. माज्यापायी हितं सड्यावर येऊन अडकलीय. रोज ह्या मशीनपाशी कपाळ बडवते, रात्री नीट जेवत नाय. रोज तुला सांगतो तेच आज चारचौघांत सांगतो. तिचा काम मार्गी लाव, नि तिला हितनं मोकळी कर. तिला तिच्या पुन्याला सुखरूप जाऊ दे!"

"व्हय म्हा..."

"नाय म्हाराजा!"

मनस्वी इतक्या जोरात ओरडली की पत्रा घुमला. यमुनाबाईंच्या हातातला क्रेट खाली पडला. उभ्या जन्मात गाऱ्हाण्याला अशी साद कुणी ऐकली नव्हती.

काशीरामांनी डोळे उघडले. "नाय? म्हंजे?"

"म्हणजे नाही! मला जायचं नाहीये आबा! हे मशीन चाललं तर कंपनी मला इथंच ठेवणार आहे. त्यासाठी मी तीन महिने कपाळ बडवतेय! आणि तुम्ही रोज, दर लॉटला, आंब्यागणिक मला इथून हाकलायचं साकडं घालताय!"

"तू बोललीस कदी?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

काशीरामांच्या हातात आंबा तसाच. त्यांचे ओठ हलले, पण ह्या वेळी ते काही मागत नव्हते. "मला वाटला," ते शेवटी म्हणाले, "तुला हितं बरा नाय वाटत. म्हातारा एकटा म्हणून लाजेकाजेस्तव ऱ्हायलीस."

"मला इथंच बरं वाटतं," मनस्वी म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "तुमच्यासाठी नाही. मला बरं वाटतं म्हणून."

गुलाम रसूल हसायला लागले. "काशीराम, तुझा अर्ज साफ चुकलाय. दुसरा घाल."

"असा कसा?" काशीराम कावरेबावरे झाले. "घातलेला गाऱ्हाना मागं घेतात काय कदी? तीन महिन्याचा हाय तो!"

"मागं नको घेऊस. नवा आंबा उचल नि नवा घाल."

"तुजा लॉट तर संपला."

तेवढ्यात दीपक पुढं आला. कुणाकडं न बघता त्यानं आपल्या थप्पीवरचा क्रेट उचलला आणि पट्ट्याच्या तोंडाशी नेऊन आदळला.

"माझ्यातला घ्या," तो म्हणाला. "पण हिरवा लागल्याशिवाय उचलायचा नाय."

"आणि ठराव?" कुणीतरी मागून विचारलं.

"कसला ठराव?" दीपक खेकसला. "पट्टा चालू करा आधी."

यमुनाबाईंनी क्रेट ओतला. पहिल्या फळाला हिरवा लागला नाही. दुसऱ्याला नाही. तिसऱ्यालाही नाही, तेव्हा हातानं निवडलेल्या आंब्याच्या ह्या कैवाऱ्यानं मान वळवून छपराकडं बघितलं आणि शेडमध्ये खसखस पिकली. पाचव्या फळाला दिवा लागला. काशीरामांनी ते उचललं, कपाळाला लावलं आणि दाराकडं वळले.

"बा राखणदारा," त्यांनी सुरुवात केली. "माजी पोरगी..."

पुढचा शब्द फुटेना. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. आंबा धरलेले दोन्ही हात छातीशी तसेच राहिले. पट्टा धावत होता, फळं आपापल्या खणात पडत होती, आणि गाऱ्हाणं अर्ध्यावरच थांबलेलं होतं.

"व्हय म्हाराजा," यमुनाबाई हळूच म्हणाल्या.

मग कुणीच वाट बघितली नाही. काय मागितलं ते न ऐकताच अख्खी शेड एका आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" त्यात दीपकचा आवाज होता, मुकादमांचा होता, आणि सगळ्यांत मोठा मनस्वीचा होता.